जखम भरत का नाही? जुनाट उघड्या जखमेवरचे आधुनिक उपचार, पायरीपायरीने

जखम बरी झाली की आपण म्हणतो, ‘जखम सुकली’. या एका शब्दाने आपल्या मनात एक समजूत पक्की केली आहे. जखम कोरडी ठेवायची, तिला हवा लागू द्यायची, खपली धरली की काळजी मिटली. साध्या खरचटण्याला हे चालून जातं. पण महिना उलटला तरी जी जखम उघडीच आहे, जिच्या कडा जागच्या हलत नाहीत, जिचं ड्रेसिंग रोज भिजतं, तिचं या समजुतीने नुकसान होतं.

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांची तुलना केली. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ फिल्म लावून ओलावा राखला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने पसरली. नव्या त्वचेच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत पुढे येतात. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते आणि तिथेच वेळ जातो. आज मिळणारी बहुतेक ड्रेसिंग याच शोधातून पुढे आली.

तरीही ड्रेसिंगचा विषय मी मुद्दाम उशिरा घेणार आहे. घरचे लोक सर्वांत आधी विचारतात, ‘हिला लावायचं काय?’ त्याआधी ‘ही भरत का नाही?’ हे विचारायला हवं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा जखमेच्या बाहेर सापडतं, कधी धमनीत, कधी शिरेत, कधी बुटात, कधी गादीत. ते न शोधता महागडं मलम लावत राहणं म्हणजे रुग्णाचे आठवडे वाया घालवणं.

पायरी १: थांबण्यासारखं आहे का, ते आधी ठरवा

पुढची लक्षणं दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा थंडी वाजणं, जखमेभोवतीची लाली तासागणिक पसरणं, कातडी काळी-जांभळी पडणं, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागणं, अचानक वाढलेली वेदना किंवा दुर्गंधी, तळाशी हाड दिसणं, पाय गार आणि फिकट पडणं, रुग्ण गुंगीत किंवा गोंधळलेला वाटणं. मधुमेह असलेल्यांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. पाय दुखत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. नसा बधिर झालेल्या पायात खोलवर पू झाला तरी दुखत नाही. अशा पायावरची प्रत्येक उघडी जखम, ती कितीही लहान असो, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायची.

पायरी २: मोजायला लागा

‘आधीपेक्षा बरी वाटते’ हे माप नव्हे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जखम धुतल्यावर सर्वांत लांब बाजू आणि तिला काटकोनात सर्वांत रुंद बाजू पट्टीने मोजा. दोन्ही आकडे गुणा आणि वहीत तारखेसह लिहा. शेजारी पट्टी धरून, तेवढ्याच अंतरावरून, तशाच उजेडात फोटो काढा. खोली मात्र घरी मोजू नका, ती नर्सना मोजू द्या. कडांच्या खाली पोकळी गेली आहे का, हेही त्या त्याच वेळी पाहतात.

समजा सुरुवातीला जखम ४ बाय ३ सेंटिमीटर होती, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. चार आठवड्यांनी ती ३ बाय २ झाली तर क्षेत्र ६ वर आलं, निम्मं कमी झालं, मार्ग बरोबर आहे. मधुमेही पायाच्या जखमेत चार आठवड्यांत क्षेत्र निम्म्याच्या आसपास घटलं नाही, तर बारा आठवड्यांत ती बंद होण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून चौथ्या आठवड्याला उपचार बदलण्याचा विचार व्हायलाच हवा. एक सूचना: मेलेलं मांस काढल्यावर जखम पहिल्यांदा मोठी दिसते. तो आकडा नवी सुरुवात धरा.

ही वही डॉक्टरांसमोर ठेवली की भेटीतली पहिली दहा मिनिटं वाचतात.

पायरी ३: कारण शोधा

सर्वांत आधी रक्तपुरवठा. पायावरच्या प्रत्येक जुनाट जखमेत घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. त्याला एबीपीआय म्हणतात. छोट्या डॉपलर यंत्राने ही तपासणी होते, सुई टोचावी लागत नाही. गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमन्या अरुंद झाल्या आहेत. १.३ च्या वर आलं तर खूश होऊ नका. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. घोट्याचा दाब ५० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली किंवा अंगठ्याचा ३० च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जायला हवं. फुग्याने धमनी रुंद करणं किंवा बायपास करणं, हाच तिथे जखमेचा खरा उपचार असतो. रक्तच पोहोचत नसेल तर कोणतंही ड्रेसिंग मांस भरून आणू शकत नाही.

जखम घोट्याच्या वर आतल्या बाजूला असेल, भोवतालची कातडी तपकिरी आणि कडक झाली असेल, संध्याकाळी पाय जड होऊन सुजत असेल, तर दोष बहुधा शिरांचा आहे. शिरांमधल्या झडपा ढिल्या पडतात, रक्त खाली साचतं, त्या दाबाने कातडी फुटते. शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीत ते दिसतं.

तळव्यावर, घट्ट्याच्या मधोमध गोल जखम असेल आणि ती दुखत नसेल, तर नसांचा दोष समजावा. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. बोथट सळई जखमेच्या तळाला लावल्यावर कडक हाड लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका घ्यावी लागते आणि एक्स-रे किंवा एमआरआय काढतात. माकडहाड, टाच, खुबा इथली जखम बहुतेक वेळा दाबाची असते, तिला आपण बेडसोर म्हणतो.

कधी उत्तर औषधांच्या यादीत असतं. स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असली तर भरण्याचा वेग मंदावतो. रक्ताच्या काही आजारांत देतात त्या हायड्रॉक्सियुरिया या औषधामुळे घोट्याजवळ जखमा होऊ शकतात. सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या, पण कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

एक शक्यता बऱ्याचदा राहून जाते. वर्षानुवर्षं उघडी असलेली जखम किंवा भाजल्याचा जुना व्रण यात कर्करोग होऊ शकतो. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. कडा जाड, उंचावलेल्या आणि फुलकोबीसारख्या झाल्या, सहज रक्त येऊ लागलं किंवा नीट उपचार करूनही काही महिने हालचाल नसेल, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवा, असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणा. कडा जांभळट, वेदना असह्य आणि कापल्यावर जखम आणखी चरत गेली, तर पायोडर्मा गँग्रिनोसम हा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. त्याला चाकूऐवजी औषधं लागतात.

पायरी ४: जखमेचा तळ स्वच्छ करून घ्या

जुनाट जखमेवर जंतू एकेकटे राहत नाहीत. ते एकत्र येऊन चिकट थर बनवतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात प्रतिजैविक नीट शिरत नाही. तो नुसत्या धुण्यानेही जात नाही, खरवडून काढावा लागतो आणि काढल्यावर एक ते तीन दिवसांत पुन्हा बांधला जातो. म्हणून डेब्रिडमेंट, म्हणजे मेलेलं आणि पिवळं चिकट मांस काढणं, एकदाच करून भागत नाही. ते ठरावीक अंतराने करत राहावं लागतं. ‘पुन्हा कापणार?’ म्हणून घरचे घाबरतात, पण या पायरीवर मागे हटू नये असं मला मनापासून वाटतं.

पद्धती बऱ्याच आहेत. ब्लेड किंवा क्युरेट या खरवडण्याच्या हत्याराने काढणं सर्वांत वेगवान. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी जेल लावून मेलेलं मांस मऊ करतात किंवा कोलॅजिनेज हे विकर असलेलं मलम वापरतात. निर्जंतुक वाढवलेल्या माशीच्या अळ्या जखमेवर दोन-तीन दिवस बांधून ठेवण्याचीही पद्धत आहे. विल्यम बेअर या शल्यचिकित्सकाचं तिच्यावरचं काम १९३१ साली प्रसिद्ध झालं. अळ्या मेलेलं तेवढंच विरघळवून खातात. ऐकून अंगावर काटा येतो, पण निवडक जखमांत तिचा उपयोग आजही होतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची किंवा टाचेवरची कोरडी, घट्ट चिकटलेली काळी खपली सोलायची नाही. तिथे ती झाकणाचं काम करते. ती ओली झाली, हलू लागली किंवा कडेने लाली आली तर मात्र लगेच दाखवा.

घरी धुण्यासाठी सलाईन किंवा पिण्यायोग्य स्वच्छ पाणी पुरेसं आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत ओतू नका. फेस येतो म्हणून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. घरगुती लेप, पावडरी आणि भुकट्या यांनाही उघड्या जखमेत जागा नाही.

प्रतिजैविकाच्या गोळ्या जखमेच्या वयावरून घेत नाहीत. लाली, गरमपणा, सूज, पू, वाढती वेदना अशी संसर्गाची लक्षणं असतील तरच त्या लागतात. प्रत्येक जुनाट जखमेच्या वरवरच्या नमुन्यात काही ना काही जंतू सापडतातच. म्हणून लक्षणं नसताना पू तपासायला पाठवू नये. पाठवायचाच तर जखम साफ केल्यावर तळातल्या मांसाचा तुकडा पाठवणं जास्त भरवशाचं.

पायरी ५: भार काढा किंवा दाब द्या

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे.

शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना एक गोष्ट दाखवून दिली. बधिर पायावरची जखम रोगामुळे अडून राहत नाही. माणूस तिच्यावरच चालत राहतो, म्हणून ती भरत नाही. पायाला प्लास्टर घालून तिच्यावरचा भार काढला की ती भरते. मधुमेही तळव्याच्या जखमेला आजही हेच लागू आहे. गुडघ्यापर्यंतचं, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, किंवा काढता न येणारा बूट हा तिथला पहिल्या पसंतीचा उपाय आहे. काढता येणारा बूट कमी पडतो, कारण तो घरात काढून ठेवला जातो आणि स्वयंपाकघरापर्यंतची, न्हाणीघरापर्यंतची पावलं जखमेवरच पडतात. जंतुसंसर्ग तीव्र असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर प्लास्टर घालता येतं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

शिरांच्या जखमेत उलट, दाब द्यायचा. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याएवढा आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब देणाऱ्या अनेक पदरी पट्ट्या बांधतात. हा दाब देण्याआधी एबीपीआय झालेलाच हवा. धमन्या अरुंद असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पट्टी बांधल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढली तर ती लगेच सोडा. साधं क्रेप बँडेज काही तासांत ढिलं पडतं, त्यावर भिस्त ठेवू नका. बसताना पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवा आणि घोटा वरखाली हलवत राहा, कारण पोटरीचा स्नायू हाच शिरांचा पंप आहे. बिघडलेली शीर लेसर, उष्णता किंवा फोमने लवकर बंद केली तर जखम लवकर भरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एव्हरा चाचणीत लवकर उपचार झालेल्यांपैकी निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा झालेल्यांत त्याला ८२ दिवस लागले. म्हणून ‘जखम भरू दे, मग शिरेचं बघू’ असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या.

बेडसोरमध्ये दर दोन तासांनी कूस बदलण्याचा पाया धरतात, मग कातडी पाहून वेळ कमीजास्त करतात. पूर्ण कुशीवर न वळवता उशीच्या आधाराने ३० अंश तिरकं ठेवा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी राहील असं पाहा. मधे भोक असलेली गोल उशी टाळा, तिच्या कडांनी रक्तप्रवाह अडतो. हवेची आलटून-पालटून फुगणारी गादी मदत करते, पण ती आणली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही.

पायरी ६: आता ड्रेसिंग

नियम एकच आहे. तळ ओलसर हवा आणि भोवतालची कातडी कोरडी. रोज एकच ड्रेसिंग लावण्याऐवजी आज जखम कशी दिसते त्यावरून निवडायचं.

खूप पाणी येतं तिथे अल्जिनेट, हायड्रोफायबर किंवा फोम. हे लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी, शोषून घेतात आणि अनेकदा दोन-तीन दिवस राहू शकतात. कोरड्या, पिवळट तळाला हायड्रोजेल. उथळ, लाल, कमी ओल्या जखमेला हायड्रोकोलॉइड, पण संसर्ग असेल तर नाही. सिलिकॉनची जाळी खाली घातली की काढताना नवं मांस सोलून निघत नाही. सुका गॉझ चिकटतो आणि दर वेळी आठवड्याची कमाई ओरबाडून नेतो. चिकटलाच तर सलाईनने भिजवून, थांबून काढा.

भोवतालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त झाली. शोषक ड्रेसिंग वाढवा आणि कडेला झिंक ऑक्साइड किंवा संरक्षक फिल्म लावा. चांदी, कॅडेक्सोमर आयोडीन, पीएचएमबी यांसारखी जंतुनाशकं किंवा वैद्यकीय दर्जाचा मध असलेली ड्रेसिंग जंतूंचा भार कमी करायला ठरावीक काळ, साधारण दोन आठवडे वापरून मग फेरविचार करायचा. ‘चांदीचं आहे म्हणजे लवकर भरेल’ असं होत नाही. मधुमेही पायात केवळ भरण्यासाठी ती वापरू नयेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते.

पायरी ७: प्रगत उपचार, योग्य वेळी

आधीच्या पायऱ्या मनापासून केल्या, चार आठवडे उलटले आणि वहीतला आकडा हलला नाही. आता प्रगत उपचारांचा विचार करायची वेळ आली.

निगेटिव्ह प्रेशर, म्हणजे लोक ज्याला ‘व्हॅक’ म्हणतात ते. जखमेत फोम भरतात, वरून हवाबंद फिल्म लावतात आणि पंपाने साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याएवढी ओढ देतात. लस बाहेर निघते, सूज उतरते, कडा जवळ येतात आणि लाल दाणेदार मांस वाढतं. फोम दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. खोल पोकळ जखमांत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पायाच्या जखमांत याचा खरा फायदा होतो. मेलेलं मांस तसंच असेल, उघडी रक्तवाहिनी असेल, हाडाच्या संसर्गावर उपचार झालेला नसेल किंवा जखमेत कर्करोग असेल तर तो लावायचा नाही. डब्यात अचानक लालभडक रक्त आलं तर पंप बंद करा, जखमेवर दाब द्या आणि मदत बोलवा. पंप दोन तासांहून जास्त बंद राहिला तर फोम काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं.

मधुमेही पायासाठी दोन उपचारांमागे चांगल्या चाचण्या आहेत. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेलं ड्रेसिंग जखमेतली प्रथिनं कुरतडणारी विकरं आवरतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० आठवड्यांत ते वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के जखमा बंद झाल्या, साध्या ड्रेसिंगच्या गटात ३० टक्के. दुसरा उपचार रुग्णाच्याच रक्तातून केलेल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिनच्या चकतीचा. त्यात प्रमाण ३४ विरुद्ध २२ टक्के होतं. फरक खरा आहे, पण चमत्काराएवढा नाही, हे हे आकडेच सांगतात. शिवाय त्या चाचण्यांतल्या रुग्णांचा भार काढणं आणि साफसफाई चालूच होती.

वाढीचे घटक असलेली जेल १९९७ पासून उपलब्ध आहे, पण तिचा सरसकट वापर सुचवला जात नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा, गर्भवेष्टनाचा वाळवलेला पडदा आणि कॉड माशाची प्रक्रिया केलेली त्वचा या पर्यायांना स्वच्छ, रक्तपुरवठा असलेला तळ लागतो. तो नसेल तर महागडा तुकडा वितळून जातो. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या कक्षात वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट दाबाखाली साधारण दीड तास, अशा तीस-चाळीस बैठका घेतात. रक्तपुरवठा सुधारण्याचे उपाय करूनही अडलेल्या मधुमेही जखमांत तो विचारात घेतात. अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, म्हणून मी त्याला पहिल्या ओळीत ठेवणार नाही.

मोठी, लाल, स्वच्छ जखम असेल तर स्वतःच्याच मांडीची पातळ कातडी लावणं, म्हणजे स्किन ग्राफ्ट, हा जुना उपाय कित्येकदा सर्वांत कमी दिवसांत काम संपवतो. हाड किंवा स्नायुबंध उघडा असेल तर स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलवलेला जाड तुकडा, म्हणजे फ्लॅप, लागतो.

प्रगत उपचार सुचवणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझी जखम न भरण्याचं कारण काय ठरलं? यातून चार आठवड्यांत काय बदल दिसायला हवा? तो दिसला नाही तर आपण काय करणार? समाधानकारक उत्तरं मिळाली तर पुढे जा.

पायरी ८: आतून माल पुरवा

नवं मांस प्रथिनांचं बनतं. बेडसोरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लस जास्त वाहते तेव्हा प्रथिनंही वाहून जातात. रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. तंबाखू कुठल्याही रूपात बंद करा, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. ड्रेसिंगच्या वेळी वेदना होत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेता येईल का, ते विचारा. सहन करत बसण्यात काहीच फायदा नाही, आणि वेदनेच्या धास्तीने ड्रेसिंग लांबणीवर पडतं.

पायरी ९: बंद झाल्यानंतर

वरून कातडी आली तरी आतली बांधणी कित्येक महिने चालू असते आणि व्रणाची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. मधुमेही पायाची जखम भरल्यावर वर्षभरात साधारण ४० टक्के रुग्णांना पुन्हा जखम होते. म्हणून प्लास्टर निघाल्या दिवशी जुनी चप्पल घालायची नाही, मापाचं पादत्राण आधीच तयार ठेवा. शिरांचा आजार असेल तर दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवा. तळवे रोज आरशात पाहा किंवा घरच्यांना पाहायला सांगा, घट्टा वाढला तर स्वतः ब्लेडने कापू नका. त्वचेचं तापमान मोजणारा थर्मामीटर मिळाला तर दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा रोज मोजा. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सियसने जास्त गरम सलग दोन दिवस आली, तर कातडी फुटायच्या आधीच चालणं कमी करा आणि डॉक्टरांना फोन करा.